पुरलेली देणगी

‘मुलगी बारावीत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि आता चित्रकलेची पदवी घेते म्हणते. फादर, तुम्हीच तिची समजूत घाला!’ एका पित्याची ही विनवणी आम्हांला बरेच दिवस सलत राहिली. त्यांची चिंता खोटी नव्हती. कलेवर चूल पेटेलच, अशी हमी कोण देणार?

परंतु प्रश्न केवळ चुलीचा आहे काय? ही पदवी म्हणजे चार वर्षांची तपश्चर्या. तेच मडके, तोच हात, तोच चेहरा पुनःपुन्हा रेखाटायचा. चुकायचे, खोडायचे आणि जे आहे तेच पाहायला डोळ्यांना शिकवायचे. ही सत्याचीच साधना नव्हे काय?

गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी वैद्यकीचे शिक्षण सोडून मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट धरली. पुढे ते शांतिनिकेतनात शिकले. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, तेव्हा आपल्यांपैकीच अनेकांनी नाके मुरडली. ते कदाचित चांगले डॉक्टर झाले असते. पण मग आपल्या मातीतली ती माउली आपल्याला कोणी दिली असती?

पालकांनी कष्टांचा हिशेब जरूर मागावा. फळाची हमी मागू नये. धन्याचे धन जमिनीत पुरणाऱ्या चाकराचा दाखला आपण वारंवार ऐकतो. लेकरांची देणगी आपणच भयापोटी पुरत नाही ना?

त्या पित्यास आम्ही एवढेच म्हणालो, ‘आधी तिची चित्रांची वही शांतपणे पाहा. मग बोलू.’