सर्वांत आवडता चित्रपट

‘आपला सर्वांत आवडता चित्रपट कोणता?’ असा प्रश्न तरुण संघाच्या सभेत किंवा शब्बाथशाळेच्या सहलीत कोणीतरी हटकून विचारतो. प्रश्न करमणुकीचा वाटतो. उत्तरेही चटचट येतात, थोडा वाद होतो, हशा पिकतो आणि विषय संपतो. परंतु वाचकहो, ह्या साध्या प्रश्नात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. आपण कशावर प्रीती करतो, ती का करतो आणि तिचा आपल्या जीवनावर काही अधिकार चालतो की नाही, हा तो प्रश्न होय.

प्रथम ‘सर्वांत उत्तम’ आणि ‘सर्वांत आवडता’ ह्यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. उत्तम कोणता हे जाणकारांनी ठरवावे. पण त्यांचाही निर्णय टिकत नाही. इंग्लंडातील ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेते. पहिल्या वेळी इटलीच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ला अग्रमान मिळाला. १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’ पहिला राहिला. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ आला आणि २०२२ मध्ये ‘जान डिलमन’ हा बेल्जियममधील एका स्त्रीच्या घरकामाचा चित्रपट सर्वांच्या पुढे गेला. जाणत्यांचे ‘सर्वकालीन’ जर असे बदलते, तर आपण त्या शब्दाचा गर्व वाहू नये. सर्वकाळ टिकणारा एकच आहे, आणि तो पडद्यावर दिसत नाही.

‘आवडता’ ह्या शब्दाचे मात्र तसे नाही. तेथे उत्तर देणारा स्वतःविषयी साक्ष देत असतो. म्हणूनच तेथे खोटेपणाचा मोह आहे. मंडळीत हा प्रश्न निघाला की कित्येक जण ‘टेन कमांडमेंट्स’ किंवा ‘बेन हर’ अशी नावे घेतात. १९५६ चा पहिला आणि १९५९ चा दुसरा, दोन्ही भव्य आहेत. दुसऱ्याला तर ११ ऑस्कर मिळाली. ज्याला ते खरोखर प्रिय आहेत त्याने ते अवश्य सांगावे. पण केवळ पाळकसाहेब समोर बसले आहेत म्हणून मोशेचे नाव घेणे आणि मनात दुसरेच ठेवणे, ही भक्ती नव्हे. ज्या आज्ञांचा तो चित्रपट आहे, त्यांतच खोट्या साक्षीविषयीची आज्ञाही आहे!

शिवाय विषय पवित्र असला म्हणजे परिणामही ठरावीकच होतो असे नाही. दादासाहेब फाळके ह्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या मनात आपल्या देशाच्या देवादिकांची चित्रे उभी राहिली आणि त्या ध्यासातून १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. म्हणजे चित्रपट पाहणारा मोकळ्या हातांनी आत जात नाही. तो आपले अंतःकरण बरोबर नेतो, आणि पडद्यावरचे बी त्याच जमिनीत पडते.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘मग आवड ही ज्याची त्याची, तिच्याविषयी विचारपूस कशाला?’ हे मला मान्य नाही. पौलाने फिलिप्पैकरांस जे सत्य, न्याय्य, शुद्ध व प्रशंसनीय ते मनात घोळवण्यास सांगितले. त्याने तेथे ‘धार्मिक’ अशी अट घातली नाही, पण मनाला मोकाटही सोडले नाही. जे आपण वारंवार पाहतो, ते हळूहळू आपले बोलणे व आपला राग घडवते. पूर्वी सिनेमागृहात जाणाऱ्यास वडीलधारे रोखत असत. आज सिनेमा मुलांच्या हातातील मोबाईलवर आला आहे, तेव्हा रोखणे पुरे पडत नाही. पारख शिकवावी लागते.

पारखीची कसोटी पवित्र शास्त्रातच आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे आला तो दोषारोप घेऊन नव्हे, तर एक गोष्ट घेऊन. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची ती गोष्ट ऐकून दावीद कळवळला, संतापला, श्रीमंताला शिक्षाही सुनावून बसला. गोष्ट येथेच संपली असती तर दावीद एक चांगला श्रोता ठरला असता, इतकेच. पण नाथानाने ती गोष्ट राजाकडे वळवली आणि तो मनुष्य तूच आहेस असे त्याला सांगितले. जी कथा आपल्याला रडवते तिच्यापेक्षा जी आपल्याला ओळखते ती मोठी, असे मला वाटते.

ह्या कसोटीवर मी निवड करतो ती व्ही. शांताराम ह्यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या १९५७ च्या चित्रपटाची. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. एक जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर एका ओसाड शेतावर नेतो. बेड्या नाहीत, भिंती नाहीत. दोन डोळे त्याचे आणि बारा हात त्यांचे. पळून जाण्याचा मोह होतो तेव्हा ते डोळेच त्यांना अडवतात. शेत पिकते, भाजी बाजारात जाते, आणि प्रामाणिक भावामुळे दुसऱ्यांचा धंदा बसतो म्हणून वैर उभे राहते. शेवटी उधळलेल्या बैलापुढे जेलर प्राण गमावतो. ही केवळ कल्पना नव्हती. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची अशी मोकळी वसाहत वसली होती. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात ह्या चित्रपटाचा गौरव झाला.

जेलरला ओढूनताणून ख्रिस्त करण्याची गरज नाही. कथेला तिच्या जागी राहू द्यावे. पण ती मला सरळ विचारते: शिक्षा भोगून आलेला मनुष्य उद्या उपासनेला आला, तर तू त्याच्या शेजारी बसशील काय? आपल्या मुलाला त्याच्या हाताखाली काम शिकू देशील काय? मंडळीच्या दानपेटीची किल्ली त्याच्याकडे कधी देशील? विश्वास टाकणाऱ्याला किंमत द्यावी लागते, हे तो चित्रपट लपवत नाही, म्हणून तो मला प्रिय आहे.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. संत ऑगस्टीनने आपल्या तरुणपणीच्या नाट्यवेडाविषयी लिहिताना विचारले आहे की, जे दुःख मनुष्य स्वतः सोसू इच्छीत नाही ते रंगभूमीवर पाहून रडण्यात त्याला सुख का वाटते? हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. अंधारात गाळलेले अश्रू फुकटचे असतात. दयाळू झाल्यासारखे वाटणे व दया करणे ह्यांत मोठे अंतर आहे. आरशात मुख पाहून ते विसरून जाणाऱ्या मनुष्याचे उदाहरण याकोबाने वचन ऐकणाऱ्यांसाठी दिले; चित्रपट पाहणाऱ्यांनीही ते मनावर घ्यावे.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एक सूचना करावीशी वाटते. मुलांना त्यांचा आवडता चित्रपट जरूर विचारा आणि कोणतेही नाव आले तरी हसू नका, रागावू नका. नाहीतर पुढच्या वेळी तुम्हाला आवडेल तेच नाव ऐकायला मिळेल. मग दोन प्रश्न आणखी विचारा. त्यातल्या कोणासारखे व्हावेसे तुला वाटले? आणि तो पाहून झाल्यावर घरी किंवा शेजारी कोणाशी तू निराळा वागलास? पहिल्याचे उत्तर लगेच येईल. दुसऱ्यासाठी थांबावे लागेल. मूल विचार करीत असताना तेच दोन प्रश्न शिक्षकाने स्वतःलाही विचारावेत, आणि आपले उत्तर त्याने मुलांसमोर आधी द्यावे.