दोन दिनार आणि एक यंत्र

मृगाचा पाऊस झाला की घोटावड्याच्या शिवारात भाताची रोपे टाकली जातात. वाफ्यात पाणी किती राखावे, रोप लावणीला कधी आले, हे जाणता शेतकरी पानाच्या रंगावरून ओळखतो. प्रयोगशाळेत मानवी पेशी वाढविण्याचे काम बरेचसे याच जातीचे आहे, असे सांगितले तर मुळशीकरांना फारसे नवल वाटू नये. तेथील तंत्रज्ञही पोषकद्रवाचा रंग पाहतो, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न्याहाळतो आणि त्यांना आज अन्न द्यावे की उद्या, याचा निर्णय अनुभवाने घेतो. हे काम आता यंत्राकडे सोपविले जात आहे. ज्या पेशी वाढवायच्या, त्या मात्र मृत्यूशी झुंजणाऱ्या एखाद्या माणसाच्या असतात. त्यांची निगा यंत्राच्या हाती द्यावी काय?

वाचकहो, हा प्रश्न दूरदेशीचा नाही. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये शासकीय मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. पवईचे डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलमधील त्यांचे सहकारी यांच्या अनेक वर्षांच्या परिश्रमांचे ते फळ होते. रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या ज्या कर्करोगांपुढे नेहमीची औषधे हरली, त्यांच्यासाठी हा उपचार आहे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत एक नवे जनुक घालतात आणि त्यायोगे त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवितात. मग ३७ अंश सेल्सियस उष्णतेत त्या वाढवून, तपासून, त्याच रुग्णाच्या शिरेवाटे परत सोडतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीच्या निष्कर्षांत, ज्यांचे मूल्यमापन होऊ शकले अशा रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांना गुण आल्याचे दिसते. (असे विषाणू तयार करण्यासाठी जगभर प्रचलित असलेल्या एका पेशीकुळाचा उगम सत्तरच्या दशकातील एका गर्भापर्यंत जातो. श्रद्धावंताच्या विवेकाला तो प्रश्न बोचणारच. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

‘त्याच रुग्णाच्या’ या दोन शब्दांत साऱ्याचे मर्म आहे. औषधाच्या कारखान्यात लाख गोळ्या एकसारख्या निघतात आणि कोणती कोणाच्या पोटात जाते याची कोणी चौकशी करीत नाही. येथे प्रत्येक पिशवीवर एकाच माणसाची ओळख असते. ती दुसऱ्याच्या शिरेत गेली तर अनर्थ. हाताने काम करायचे तर निर्जंतुक खोलीत, नखशिखांत झाकून, दिवसांमागून दिवस पिशव्या उघडायच्या आणि बंद करायच्या. प्रत्येक उघडझाक म्हणजे जंतूंना एक निमंत्रण. बंद नळ्यांचे स्वयंचलित यंत्र ही उघडझाक जवळजवळ संपविते. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेवर ज्या सेवेचा आरंभ केला, त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ‘प्रॉडिजी’ नावाच्या अशाच यंत्रावर रुग्णालयातच पेशी तयार करण्यात आल्या. त्याला सुमारे नऊ दिवस लागले. गंमत अशी, की हे यंत्र तेवढे दिवस एकाच रुग्णाच्या पेशींत गुंतलेले असते. तो संपल्याविना दुसऱ्याचा नंबर नाही. गिरणीपेक्षा त्याचे साम्य बाळंतिणीच्या दाईशीच अधिक!

तरीही काहींना वाटते, की माणसाचा हात गेला म्हणजे माया गेली. मला हे पटत नाही. आपल्या धर्मभगिनींनी रात्रीच्या रात्री जागून केलेल्या सेवेपुढे आपण नतमस्तक होतो. पण ती जागरणे रुग्णाच्या उशाशी होती, पेशींच्या पिशवीपाशी नव्हती. सहाव्या तासाला तंत्रज्ञाचा हात थरथरला तर त्यात पुण्य ते कोणते?

येथे मला दयाळू शोमरोन्याची आठवण होते. त्याच्या दाखल्यातील एक तपशील आपण प्रवचनात ऐकतो आणि पुढे सरकतो. जखमी माणसाची शुश्रूषा त्याने शेवटपर्यंत स्वतः केली नाही. जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने निघाला. पुढची सेवा उतारशाळेच्या रक्षकाकडे सोपविली. त्यासाठी त्याला कोणी दोष देत नाही, कारण जाताना त्याने दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परतताना फेडीन, असा शब्द दिला. काम दुसऱ्याकडे गेले. दायित्व मात्र त्याच्याच खांद्यावर राहिले.

आपले दिनार कोण देणार? नेक्सकारची किंमत प्रारंभी ४० लाख रुपयांच्या आसपास सांगितली गेली. अमेरिकेतील तीन-चार कोटींपुढे ती अल्प आहे हे खरे. पण मुळशीत गुंठे विकून ती उभी करणारा वेगळा आणि त्याच्या शेतात रोजाने लावणीला येणारा वेगळा. यंत्र आले म्हणजे स्वस्ताई आपोआप येते, अशा भ्रमातही कोणी राहू नये. ही यंत्रे परदेशी, आणि त्यांच्या नळ्यांचे महागडे संच एका रुग्णानंतर फेकून द्यावे लागतात.

याहून अवघड प्रसंग दुसराच. वारंवार औषधे घेऊन थकलेल्या देहातील पेशी कधीकधी वाढतच नाहीत. जिवंत पेशींचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली राहिले, की तपासणीत तसा आकडा दिसतो. पाश्चात्त्य देशांत अशा प्रमाणाबाहेरच्या पेशी, दुसरा उपाय उरला नसताना, जोखीम समजावून आणि विशेष व्यवस्थेखाली काही रुग्णांना दिल्याही गेल्या आहेत. द्याव्यात की टाकून द्याव्यात? पुन्हा रक्त काढण्याइतका अवधी त्या देहाला आहे काय? आकडा तपासणीचा, परंतु उत्तर माणसाचे. रुग्णाचा बाप बाहेरच्या बाकावर बसलेला असतो. त्याच्यापाशी जाऊन हे कोणी सांगायचे, त्या डॉक्टरचे नाव, यंत्र सुरू करण्यापूर्वीच, रुग्णाच्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे.