ताई, तुमचं मन लागतं का?

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३४ व ३५



आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी रोज सकाळी अर्धा तास ध्यान घेते. फार काही नाही, श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि मन गेलं की परत आणायचं. एक दिवस घरी मुलाशी वाद घालूनच तिथे पोचले. तरी बसल्याबरोबर नेहमीचा मऊ आवाज लावला. खरं तर तो आवाजही माझा नाही, ज्यांच्याकडे शिकले त्यांचा. तोंडाने "श्वास आत, श्वास बाहेर" चाललं होतं आणि मनात मुलाला द्यायचं उत्तर जुळत होतं.

सगळे उठल्यावर एक आजी जवळ आल्या. "ताई, माझं मन काही लागत नाही बघा. तुमचं लागतं का हो?"

"लागतं की. सवयीने तुमचंही लागेल," मी म्हणाले.

दिवसभर ते वाक्य टोचत राहिलं. बाहेरून इंद्रिये आवरलेली आणि आतून मन विषयांमागे धावणारे, अशा माणसाला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटलं आहे. मग मी कोण? आणि जिचं मन अजून भटकतं, तिने ध्यान शिकवावं तरी का?

संध्याकाळी सहावा अध्याय उघडला. ज्याचा नेम चुकत नसे तो अर्जुन इथे कबूल करतो, की मन वाऱ्यासारखं आहे, मला आवरत नाही. भगवंत त्याला रागावत नाहीत. मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे, हे ते आधी मान्य करतात. मग उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य. २६व्या श्लोकात तर मन जिथे जिथे जाईल तिथून परत आणायला सांगितलं आहे. म्हणजे ते जाणार, हे धरलेलंच आहे!

तेव्हा उमगलं, की मन कधीच न भटकणं ही शिकवणाऱ्याची पात्रता नव्हे. परतीची वाट रोज स्वतः चालणं ही पात्रता. हा झाला अभ्यास. त्यात सूट नाही; स्वतः बसत नसेन तर दुसऱ्याला बसवू नये. आणि वैराग्य? माझ्यापुरतं त्याचा अर्थ, "ताई किती शांत आहेत" हे ऐकण्याची हौस सोडणं. ही हौस असते तोवर भीतीही असते, कारण उघडं पडण्याची धास्ती. हौस सुटली की आवाज आपोआप आपला होतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "काल मी आजींना खोटं बोलले. माझं मन घरच्या भांडणात होतं." हॉलमध्ये क्षणभर शांतता. मग आजी हसल्या, "अगंबाई, म्हणजे आमचंही चालेल!" त्या दिवशी पहिल्यांदाच एका काकांनी सांगितलं, की डोळे मिटले की त्यांना घाबरायला होतं. मी त्यांना डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि त्रास वाढला तर डॉक्टरांशी बोला, म्हटलं. माझ्या खोट्या शांततेपुढे ते हे कधीच बोलले नसते.

आजचा संकल्प : जे स्वतः करते तेवढंच सांगेन, आणि जे जमत नाही ते लपवणार नाही.

श्रीकृष्णार्पणमस्तु.