उद्योगी हिंसा आणि भिलाई

समाज हिंसेपासून कधी पूर्णपणे मुक्त होऊ शकेल काय, या प्रश्नाचा विचार करताना जैन आचारशास्त्राने केलेला एक भेद आजही उपयोगी पडतो. गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे त्या परंपरेत चार प्रकार सांगितले जातात: ठरवून केलेली ती संकल्पी, स्वयंपाक किंवा झाडलोट अशा घरकामात घडणारी ती आरंभी, उपजीविकेच्या व्यवसायातून घडणारी ती उद्योगी आणि स्वसंरक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी. मुनीला चारही वर्ज्य आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडावी आणि उरलेल्या तीन होईल तितक्या कमी कराव्यात, अशी अपेक्षा असते. देहधारी माणसाला निखळ अहिंसा साधत नाही, हे मान्य करूनही ही परंपरा हिंसेला मोकळीक देत नाही, यातच तिचे मोठेपण आहे.

या विभागणीची कसोटी मात्र उद्योगी हिंसेपाशी लागते. नांगराखाली किडामुंगी मरते तेव्हा नांगर धरणारा, पीक खाणारा आणि संयम पाळण्यास बांधलेला माणूस बहुधा एकच असतो. कारखानदारीत हे तिघे वेगळे होतात, आणि इजा सोसणारा जीव तर माणसाचाच असतो. १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली राजहराच्या खाणींतून येई आणि तेथे ते फोडण्याचे व ट्रकमध्ये भरण्याचे काम कंत्राटी मजूर हातांनी करीत. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये ज्याला संरचनात्मक हिंसा म्हटले, म्हणजे कोणी हात न उगारताही व्यवस्थेमुळेच माणसाचे आयुष्य खुंटते, ती येथे रोजच्या मजुरीत दिसत होती. १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली हे मजूर संघटित झाले आणि त्याच वर्षी २ व ३ जूनला झालेल्या पोलीस गोळीबारात त्यांच्यापैकी अकरा जण मारले गेले.

या मृत्यूंना संघटनेने दिलेले उत्तर विशेष विचारात घेण्याजोगे आहे. नियोगी मार्क्सवादी परंपरेतून आलेले होते, अहिंसेचे व्रत घेतलेले नव्हते. तरीही त्यांनी संघर्षाबरोबर निर्माणाचा आग्रह धरला, दारूबंदीची मोहीम चालवली आणि १९८३ मध्ये मजुरांच्या वर्गणीतून व श्रमातून, त्या अकरा जणांच्या स्मरणार्थ, शहीद रुग्णालय उभे राहिले. मारणाऱ्यांना मारण्याऐवजी, उपचारांअभावी होणारे मरण रोखण्याकडे ही शक्ती वळवली गेली, ही गोष्ट कोणत्याही तत्त्वचर्चेहून अधिक बोलकी आहे.

पुढे भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांचा लढा सुरू असताना, २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, झोपेत असलेल्या नियोगींवर खिडकीतून गोळी झाडली गेली. १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन सोळा कामगार मारले गेले, आणि त्या दिवशी एका पोलीस उपनिरीक्षकाचाही बळी गेला. नियोगींच्या हत्येच्या खटल्यात १९९७ मध्ये सत्र न्यायालयाने उद्योजकांसह अनेकांना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने सर्वांना मुक्त केले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणारा एकच आरोपी दोषी ठरवून त्याला जन्मठेप दिली.

न्यायालयाने पुराव्यापुरतेच बोलावे, हे योग्यच आहे. जैन विचार मात्र हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेली, करवलेली आणि मान्यता दिलेली, अशी तिन्ही रूपांत मोजतो, आणि यांतील तिसरे रूप कोणत्याही आरोपपत्रात बसत नाही, कारण ते साऱ्या समाजाचे असते. स्वस्त पोलाद हवे असलेला आणि कंत्राटी मजुराचे मरण प्रगतीची किंमत म्हणून स्वीकारणारा नागरिक तेथे उभा असतो. हिंसेचा समूळ अंत समाजाच्या हाती नाही. ही मान्यता काढून घेणे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे, आणि भिलाईपुरते सांगायचे तर ती अद्याप काढून घेतली गेलेली नाही.