तिसऱ्या मजल्याचं इच्छापत्र

मृत्युपत्र हा शब्दच असा, की तो कानावर पडला की आपल्याकडे माणूस 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणतो. 'इच्छापत्र' म्हटलं की जरा बरं वाटतं. हे पत्र सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने, डॉक्टरांनी भुवई उंचावल्यानंतर करायचं, असा सर्वसाधारण समज. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मात्र ते तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने केलं. तो ३६, ती ३४, पोरं ६ आणि ३.

जोडपं म्हणतो खरा, पण त्यांचं लग्न झालेलं नाही. सोसायटीला हे ठाऊक आहे, आणि मेंटेनन्स वेळेवर येत असल्यामुळे ती ते विसरलीही आहे. लग्नावाचून त्यांचं जगण्यात काही अडलं नाही. अडतं ते मरणापाशी! १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा आहे, मुलगी आहे, विधवा आहे, आई आहे. 'जिच्याबरोबर नऊ वर्षं संसार केला ती' असा रकाना नाही. म्हणजे उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर फ्लॅटमधल्या त्याच्या अर्ध्या वाट्यावर साताऱ्याच्या आईचा हक्क, हिचा नाही. त्या आईने नातवंडांचं तोंडही अजून पाहिलेलं नाही.

कोर्टं तशी दयाळू असतात. २०२२ साली केरळातल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, दोघं इतकी वर्षं नवराबायकोसारखी राहिली, तेव्हा लग्न झालेलंच होतं असं धरू; मुलाला वाटा द्या. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे जिवंतपणी टाळलेलं लग्न मेल्यावर लागणार!"

सेक्रेटरींचा सल्ला सोपा होता : नॉमिनीत नाव घाला, झालं. पण नॉमिनी म्हणजे पाहुणे येईपर्यंत ताट झाकून ठेवणारा, जेवणारा वेगळा. घरोघरी खिळ्याला ज्यांचं 'कालनिर्णय' लटकतं, त्या जयंत साळगावकरांच्या मिळकतीच्या वादात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३मध्ये शेअर्सपुरतं हेच स्पष्ट केलं.

तेव्हा इच्छापत्रच हवं. त्याला लागतं काय? साधा कागद. स्टॅम्प नको, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि त्यांना आतला मजकूर वाचायची गरज नसते. शेजाऱ्याला एवढी मोठी शिक्षा दुसऱ्या कुठल्या कायद्यात नसेल. साक्षीदार तरणाताठा असावा, म्हणजे पुढेमागे कोर्टात उभा राहील, असंही वकील सांगतात. मी ७१ वर्षांचा. तरी सही माझी घेतली. तेव्हापासून मी सकाळी फिरायला जातो.

आम्हा लग्न केलेल्या मंडळींना असलं काही सुचायचं कारण नसतं. आमचं इच्छापत्र सरकारने परस्पर लिहून ठेवलंय. 'माझ्यामागे माझं सगळं हिचं' हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलेले नवरे आमच्या इमारतीत किती निघतील? सप्तपदी चाललेले आम्ही. पण ते वाक्य लिहिलं या बिनलग्नाच्याने.

फ्लॅट, पीएफ, तिच्या चार बांगड्या – पंधरा मिनिटांत आटोपलं. त्याने तिला, तिने त्याला. मग आला पालकाचा मुद्दा. लग्नाच्या मुलांना कायदा पालक म्हणून आधी बाप दाखवतो, बिनलग्नाच्या मुलांना आधी आई, तिच्यानंतर बाप. बरं, दोघंही एकदम गेली तर? इच्छापत्रात पालक नेमून ठेवता येतो, पण नेमायचा कोणाला? इथे तीन आठवडे गेले. घाटकोपरच्या काकांचं घर मोठं, मन वाईट नाही; पण दिवाळीला येताना ते बायकोला घरी ठेवून येतात. बोरिवलीच्या मावशीकडे दोन खोल्या आणि दिवसभर टीव्ही. पैसा पाहायचा, की शाळा, की जागा? शेवटी प्रश्न एवढाच उरला, की पोरांसमोर त्यांच्या आईबापांचा विषय निघाला तर कोणत्या घरात आवाज खाली येणार नाही.

मावशीचं नाव घातलं. विचारायला गेले तेव्हा तिने टीव्ही बंद केला, थोडी रडली, आणि मग विचारलं, "धाकटा दुधात साखर अजून दोनच चमचे घेतो ना गं?"