रिकामा डबा

उपदेश मागायला कुणी आले, की म्हाताऱ्या माणसाला आपले वय एकदम आवडू लागते. गेल्या जूनमध्ये माझेही तसेच झाले. माझी नात दहावी पास झाली आणि अकरावीसाठी पुण्याला, वसतिगृहात, जायचे ठरले. पूर्वीच्या पत्र्याच्या ट्रंकेच्या जागी आता चाकांची बॅग आली आहे. बाकी लाडवांचा डबा, गोधडी आणि आईच्या न संपणाऱ्या सूचना होत्या तशाच आहेत. आवराआवर चालली असताना ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली,

"आजोबा, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. मला एकच गोष्ट सांगा. कॉलेजात गेल्यावर काय करू?"

मी घसा साफ केला. चौतीस वर्षांची मास्तरकी जिभेवर येऊन बसली. तास बुडवू नये. न समजलेले त्याच दिवशी विचारावे. दुसऱ्या दिवशी विचारायची लाज वाटते आणि आठवड्याने प्रश्नही आठवत नाही. ग्रंथालयाचे कार्ड पहिल्या आठवड्यातच काढावे. पैसे आले, की आधी मेसचे बाजूला ठेवावेत. बरे नसले तर रेक्टरबाईंना सांगावे. ओळख भराभर करावी, मैत्री सावकाश करावी. बिचारीने सगळे फोनवर टिपून घेतले आणि मग हळूच म्हणाली,

"हे सगळं बरोबर आहे, आजोबा. पण मी एकच गोष्ट विचारली होती."

मला उत्तर देता आले नाही. उद्या सांगतो, म्हणालो. त्या रात्री झोप लागेना, आणि अंधारात डोळ्यांपुढे येऊ लागला तो एक पितळेचा डबा.

१९७२ साली मी मॅट्रिक झालो. शाळा तेव्हा अकरा वर्षांची होती. दहावीची पहिली परीक्षा पुढे १९७५ साली झाली. आम्ही अकरावीतून थेट कॉलेजात जात असू. आमचे गाव माण तालुक्यातले. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत पावसाचे हात रिकामे होतात, असा तो मुलूख. त्यातून ते वर्ष दुष्काळाचे. विहिरींचे तळ दिसू लागले होते. अण्णा आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. अशा वर्षी मला साताऱ्याला कॉलेजात घालायचे, हे त्या दोघांनी कोणत्या बळावर ठरवले, ते आजही मला उमगलेले नाही.

खानावळ परवडणारी नव्हती. म्हणून दिवाळीनंतर आई एस.टी.ने डबा पाठवू लागली. पहाटे फाट्यावर येऊन ती तो कंडक्टरच्या हवाली करी. साताऱ्याच्या स्टँडवर असे कितीतरी डबे उतरत. कुणाच्या डब्यावर नाव रंगवलेले, कुणाच्या डब्याला ओळखीचे फडके बांधलेले. आम्ही पोरे आपापला डबा उचलून खोलीवर जात असू.

माझ्या डब्यात मिलोची भाकरी असे. मिलो म्हणजे त्या दुष्काळात रेशनवर मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी. तिची भाकरी लालसर होई आणि गार झाली, की हाताने मोडताना तिचा भुगा होई. खोलीतले माझे दोन सोबती बऱ्या घरचे होते. त्यांच्या पोळ्यांशेजारी ती लाल भाकरी उघडायची मला लाज वाटू लागली. पहिल्या दिवशी मी भूक नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आग्रह करून आपल्यातले दिले. मग ती रीतच झाली. संध्याकाळी मी माझ्या भाकरी फडक्यात गुंडाळून नेई आणि स्टँडमागे हिंडणाऱ्या गुरांपुढे टाकी. डबा स्वच्छ घासून परतीच्या गाडीत ठेवी. पत्रात लिही, "डबा वेळेवर मिळतो. काळजी नसावी."

आणि हे मी कुठल्या गावात करत होतो? ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढून सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली, आणि मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिनेच काय, मंगळसूत्रसुद्धा दिले, त्या गावात. तिथे मुले कष्ट करून भाकरी मिळवायला शिकली. मी मात्र दुसऱ्याच्या कष्टांची भाकरी लपवायला शिकत होतो.

शिमग्याला घरी गेलो. धाकटी बहीण बडबडी. ती सहज बोलून गेली, "दादा, आई आता तुझ्या डब्यात तीन भाकरी घालते. डबा अगदी पुसून येतो, पोराला दोन पुरत नसतील, म्हणाली."

घरात रेशनचे धान्य किती येते, हे मला ठाऊक होते. तिसरी भाकरी कुणाच्या ताटातून उचलली जाते, हे विचारायची गरज नव्हती. आई चुलीपुढे बसली होती. मनगटे उघडी पडली होती. मी काही बोललो नाही. सुट्टी संपल्यावर साताऱ्याला गेलो आणि त्या दिवसापासून सगळ्यांच्या देखत तिन्ही भाकरी खाल्ल्या. एवढेच प्रायश्चित्त मला जमले. आईला मी ते कधी सांगितले नाही. सांगेन, सांगेन, म्हणता ती १९९८ साली गेली.

हे सगळे दुसऱ्या दिवशी मी नातीला सांगितले. तिच्याआधी कुणालाच सांगितले नव्हते.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण आजोबा, खरं सांगितलं असतं, तर पणजीला किती वाईट वाटलं असतं!"

याच युक्तिवादावर मी निम्मे आयुष्य काढले आहे. आपण खोटे बोललो ते दुसऱ्याचे मन दुखू नये म्हणून, ही समजूत फार सोयीची असते. पण नीट पाहिले, की तिचे टाके उसवतात. आईला खरेच वाईट वाटले असते का? ती स्वतः तीच भाकरी खात होती. ती बहुधा फणकारली असती, "मग काय पुरणपोळी पाठवू?" आणि विषय तिथेच संपला असता. तिसरी भाकरी तिच्या ताटात राहिली असती. मी जपले ते तिचे मन नव्हे. माझी लाज जपली, आणि तिला दयेचे नाव दिले.

शिवाय मी कधी एक अक्षर खोटे बोललो होतो? डबा वेळेवर मिळत होता, हे खरेच होते. खोटे बोलला तो रिकामा डबा. म्हणून मला वाटते, खोटेपणाची आपली व्याख्याच अपुरी आहे. शाळेत असताना मूल घराच्या डोळ्यांसमोर असते. त्याने लपवले तरी चेहरा सांगतो. कॉलेजात गेल्यावर प्रथमच आपण आणि आपली माणसे यांच्यामध्ये अंतर पडते. मग आपण पाठवू तेवढेच त्यांना दिसते, आणि जे दिसते त्यावर ती माणसे आपले निर्णय करतात. कुणी कर्ज काढते, कुणी दुखणे अंगावर काढते, कुणी सणाचे लुगडे पुढच्या वर्षावर टाकते. आपला हिशेब खोटा असतो. त्यावर खर्च होणारी भाकरी मात्र खरी असते.

मग सोळा वर्षांच्या मुलीने घरी सगळेच सांगावे काय? मुळीच नाही. तिचा म्हणून एक कोपरा हवाच. कुणाशी मैत्री झाली, कोणते पुस्तक वाचून रडू आले, देवावरचा विश्वास कधी डळमळला, हे तिचे तिच्यापाशी असू दे. न सांगणे वेगळे आणि भलतेच समजू देणे वेगळे. दोन्हींतला फरक ओळखायला मी तिला एक खूण सांगितली: "तुझ्या गप्प बसण्यावर विसंबून कुणी आपल्या ताटातली भाकरी काढून देत आहे का, एवढं बघ. देत नसेल, तर खुशाल गप्प राहा. देत असेल, तर त्याच दिवशी सांग."

आता कुणी म्हणेल, हल्ली हा प्रश्नच उरलेला नाही. मुलगी वर्गात आली की नाही, याचा निरोप बापाच्या फोनवर येतो. रात्री तिचा चेहरा पडद्यावर दिसतो. ती कुठे आहे, हे नकाशा सांगतो. पण पाहाऱ्याने माणूस सापडतो, खरा होत नाही. चेहरा दिसत असताना हसू आणणे हे डबा घासण्याइतकेच सोपे आहे.

म्हणून उरलेला उपदेश मी माझ्या मुलाला केला. तो नातीला रोज विचारत होता, "टक्के किती पडतील?" मी म्हणालो, "एक दिवस ती नापास झाले म्हणून सांगेल. त्या क्षणी तुझा चेहरा कसा होईल, यावर ती पुढचं खरं सांगेल की नाही, हे ठरणार आहे." मुलांनी खरे बोलावे, असे वाटत असेल, तर घरात खरे बोलणे परवडले पाहिजे. आमच्या घरात ते परवडत होते. मीच ते कधी अजमावून पाहिले नाही.

नात गेली. सप्टेंबरात एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता. "आजोबा, फिजिक्सच्या चाचणीत पंचवीसपैकी सहा पडले. बाबांना अजून सांगितलं नाही. आता सांगते."

मी म्हटले, "सांग." तासाभराने मुलगा माझ्या खोलीत येऊन बसला. कपाळावर आठी होती, पण तो म्हणाला, "मी रागावलो नाही, अण्णा. कोणता धडा अडला, तेवढं विचारलं."

आता ती दिवाळीला येते आहे. जाताना फराळाचा डबा बरोबर द्यायचा आहे. सूनबाईने विचारले, करंज्या किती घालू? मी म्हणालो, तिलाच विचार. ती सांगेल तेवढ्याच घाल.