गोचिडाचे पुण्य

गोचीड म्हटला की आम्हां पाथर्डीकरांना म्हशीच्या कानामागची गाठ आठवते, नाही तर उसने पैसे मागायला येऊन मुक्काम ठोकलेला पाहुणा. पण तो माणसाला शाकाहारी करतो, हे मात्र नवीनच!

अमेरिकेत ‘लोन स्टार’ नावाचा गोचीड आहे. तो चावला की काहींच्या रक्तात ‘अल्फा-गॅल’ नावाच्या साखरेशी वैर उपजते. ही साखर गाय, डुक्कर, बोकड यांच्या मांसात असते. मग मटण हाणले की दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, कुणाचा श्वास कोंडतो. प्रसंगी जिवावर बेतते. २०१० ते २०२२ या काळात तिथे १ लाख १० हजारांवर संशयित रुग्ण निघाले. कोंबडी आणि मासे मात्र चालतात. म्हणजे गोचीड अगदीच माळकरी नव्हे.

२०२५ साली तिथल्या दोन प्राध्यापकांनी निबंधच लिहिला : मांस खाणे वाईट असेल, तर हा गोचीड पसरवणे हे आपले कर्तव्यच नव्हे काय? आता बोला!

मी पोट धरून हसलो. मग हसू आटले. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझे मटण बंद केले. आईने गल्लीभर सांगितले, “आमच्या बाळूनं सोडलं हो!” मीही खुशाल पुण्यवान झालो. शेजारून रश्श्याचा वास आला की हे पुण्य खिडकीशी जाऊन उभे राहते, एवढेच.

बँकेतही तेच. वीस वर्षांत रुपया इकडचा तिकडे केला नाही. पण तिजोरीला दोन चाव्या, डोक्यावर कॅमेरा, संध्याकाळी कॅश टॅली. इतके गोचीड चिकटल्यावर प्रामाणिकपणा माझा की त्यांचा?

परवा पगाराचे पैसे घेऊन निघालेल्या एका म्हातारीची पाचशेची नोट टपरीपाशी पडली. कॅमेरा नव्हता, कुणी पाहत नव्हते. मी ती उचलली, खिशात घातली आणि दहा पावले चाललो. त्या दहा पावलांचा हिशोब मी कुणाला दिलेला नाही. मग वळून हाक मारली, “आजी, नोट पडली तुमची.” मोठे काही नाही, पण ती हाक माझी होती. कुणी चावले नव्हते.

त्या धीरावर आईला मटणाचेही खरे सांगून टाकले.

“ठाऊक आहे रे,” ती म्हणाली, “डॉक्टरांना मीच सांगितलं होतं, जरा दम भरा म्हणून!”